मालवेअर काढल्यानंतर विंडोजमध्ये लॉगइन होत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँटिव्हायरसने सर्व धोके दूर झाल्याचे सांगितले, संगणक रीस्टार्ट केला आणि तेव्हापासून लॉगइनच होत नाही, अशा अवस्थेत अडकलेल्यांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. ती प्रामुख्याने विंडोज १० आणि विंडोज ११ यांना लागू आहेत. जुन्या आवृत्त्यांचा उल्लेख फरक पडतो तेथेच केला आहे. फाइलींची आणि रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जेथे साठवते त्या संग्रहातील, नोंदींची नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी संगणकावर ती रोमन लिपीत दिसतात आणि तशीच टाइप करावी लागतात.

मालवेअर तर निघून गेले. मग लॉगइन का अडले?

पासवर्ड टाकल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत विंडोजमध्ये एकामागून एक अशी बरीच कामे होतात. विनलॉगऑन नावाची प्रक्रिया लॉगइनचा कारभार सांभाळते, एलएसए ही सुरक्षा यंत्रणा पासवर्ड पडताळते, यूजर प्रोफाइल सर्व्हिस आपली प्रोफाइल, म्हणजे आपल्या खात्याचा फोल्डर आणि मांडणी, उघडते, त्यानंतर यूजरइनिट हा छोटा प्रोग्राम चालतो आणि शेवटी तो एक्सप्लोररला, म्हणजे टास्कबार आणि डेस्कटॉप दाखवणाऱ्या प्रोग्रामला, सुरू करतो. प्रत्येक वेळी संगणकाबरोबर आपणही सुरू व्हावे ही मालवेअरची पहिली गरज असल्यामुळे ते नेमके याच साखळीत स्वतःला अडकवून घेते. कधी ते एखाद्या कडीच्या जागी स्वतःचे नाव लिहिते, तर कधी खऱ्या कडीला चिकटून राहते.

अँटिव्हायरस मालवेअरची फाइल पुसतो, परंतु रजिस्ट्रीत त्या फाइलीचे नाव सांगणारी नोंद अनेकदा तशीच राहते. विंडोज त्या नोंदीवर विश्वास ठेवून फाइल शोधते, ती सापडत नाही आणि साखळी तेथेच तुटते. विंडोज एक्सपीच्या काळात हे मोठ्या प्रमाणावर घडले होते : एका अॅडवेअरने, म्हणजे जाहिराती दाखवणाऱ्या मालवेअरने, यूजरइनिटच्या जागी डब्ल्यूएसएअपडेटर नावाची फाइल नोंदवली होती, आणि ती फाइल काढताच संगणक लॉगइन होताक्षणी लॉगऑफ होऊ लागत असे. पासवर्ड बरोबर, फाइली शाबूत, संगणकही धडधाकट. चुकलेली होती ती एक ओळ. आजही यातील बऱ्याच तक्रारींचे मूळ असेच लहान असते, म्हणून घाईने सगळे पुसून टाकण्याआधी ते शोधावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बिघाड नेमका कोठे आहे, हे कसे ओळखावे?

गाडी कोणत्या टप्प्यावर थांबते ते पाहावे. दुरुस्तीचा निम्मा भाग तेवढ्याने होतो. पासवर्डच नाकारला जात असेल, तर प्रश्न खात्याचा किंवा पडताळणीचा आहे. पासवर्ड स्वीकारला जाऊन स्वागताचा संदेश दिसत असेल आणि लगेच पुन्हा लॉगइन स्क्रीन येत असेल, तर संशय यूजरइनिटवर घ्यावा. लॉगइन होऊन केवळ काळी स्क्रीन आणि माउसचा बाण दिसत असेल, तर एक्सप्लोरर सुरू झालेला नाही. डेस्कटॉप येतो पण तो कोरा, अनोळखी आणि आपल्या फाइलींविना असेल, तर तात्पुरती प्रोफाइल उघडली आहे. आणि सगळे व्यवस्थित दिसूनही एखादी फाइल सापडली नाही असा संदेश येत असेल, तर तो मागे राहिलेल्या कचऱ्याचा प्रकार आहे आणि घाबरण्याचे कारण नाही.

सर्वांत आधी काय करावे आणि काय टाळावे?

स्क्रीनवरील संदेशाचा मोबाइलने फोटो काढावा, कारण एका शब्दाच्या फरकाने उपाय बदलतो आणि घाबरलेल्या माणसाला संदेश जसाच्या तसा आठवत नाही. अँटिव्हायरसने कोणत्या फाइली काढल्या त्याचा अहवाल हाती असेल तर तो जपून ठेवावा. बिघाडाचा सर्वांत चांगला नकाशा तोच असतो.

पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून पाहू नये. विंडोज ११ च्या अलीकडच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते १० मिनिटांसाठी बंद होते, आणि मग मूळ अडचणीवर आणखी एक अडचण चढते. लॉगइन व्हावे म्हणून क्वारंटाइनमधील, म्हणजे अँटिव्हायरसने अलग ठेवलेले, मालवेअर परत आणण्याचा सल्लाही कोणी दिला तरी मानू नये. जी नोंद त्या फाइलीकडे बोट दाखवते तिला दुरुस्त करणे हा त्यावरचा मार्ग आहे. महत्त्वाच्या फाइलींची प्रत घेतलेली नसेल, तर कोणतीही मोठी दुरुस्ती करण्यापूर्वी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून किंवा यूएसबीवरून सुरू होणाऱ्या लिनक्सच्या साहाय्याने ती घ्यावी. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कूटबद्ध असेल, तर या मार्गाने फाइली वाचण्यासाठीही रिकव्हरी की लागेल.

आतच जाता येत नसेल, तर दुरुस्तीच्या साधनांपर्यंत कसे पोहोचावे?

लॉगइन स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यातील पॉवरच्या चिन्हावर जाऊन शिफ्ट दाबून ठेवत रीस्टार्ट निवडावे. निळ्या स्क्रीनवर पर्याय येतात. त्यात ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स अशा क्रमाने जावे. तेथून स्टार्टअप सेटिंग्ज निवडून पुन्हा रीस्टार्ट केल्यावर ४ दाबल्यास सेफ मोड (केवळ अत्यावश्यक भागांसह चालणारे विंडोज), ५ दाबल्यास नेटवर्कसह सेफ मोड आणि ६ दाबल्यास कमांड प्रॉम्प्टसह सेफ मोड सुरू होतो. विंडोज ७ पर्यंत चालणारी एफ८ ची सवय नव्या आवृत्त्यांत सहसा उपयोगी पडत नाही.

लॉगइन स्क्रीनच येत नसेल, तर विंडोज सुरू होताना लागोपाठ काही वेळा अपयश आल्यास हे दुरुस्तीचे वातावरण आपोआप उघडते. तेही न झाल्यास मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने दुसऱ्या, निर्दोष संगणकावर किमान ८ जीबीचा इन्स्टॉलेशन यूएसबी तयार करावा आणि त्यावरून संगणक सुरू करून इन्स्टॉल न करता दुरुस्तीचा पर्याय निवडावा. यूएसबी बनवताना त्यावरील जुना मजकूर पुसला जातो, हे ध्यानात ठेवावे.

सेफ मोड सुरू करताच निळी स्क्रीन येत असेल, तर त्याचाही मालवेअरशी संबंध असू शकतो. सॅलिटीसारख्या काही व्हायरसांनी रजिस्ट्रीतील सेफबूट हा भागच पुसून टाकलेला असतो, जेणेकरून वापरकर्त्याला त्यांच्याविरुद्ध सेफ मोडचा आधार घेता येऊ नये. अशा वेळी सेफ मोडच्या नादी न लागता थेट दुरुस्तीच्या वातावरणातील कमांड प्रॉम्प्ट वापरावा.

पासवर्ड स्वीकारला जातो, स्वागताचा संदेश दिसतो आणि लगेच साइन-आउट होते. हे कसे दुरुस्त करावे?

मालवेअर काढल्यानंतरची ही सर्वांत ठरावीक तक्रार आहे. सेफ मोडमध्येही तेच घडते, कारण तेथेही यूजरइनिट लागतोच. म्हणून नोंद बाहेरून, म्हणजे विंडोज बंद असताना दुरुस्त करावी लागते.

दुरुस्तीच्या वातावरणातील कमांड प्रॉम्प्ट उघडून रेजएडिट हा आदेश द्यावा. येथे एक चूक इतकी सर्रास होते की ती आधीच सांगतो. उघडलेली रजिस्ट्री आपल्या संगणकाची नसून त्या दुरुस्तीच्या वातावरणाची स्वतःची असते. अनेक जण तिच्यातच विनलॉगऑन शोधतात, त्यांना सर्व नोंदी बिनचूक दिसतात आणि बिघाड येथे नाहीच असा त्यांचा समज होतो. आपली रजिस्ट्री वेगळी उघडावी लागते. त्यासाठी एचकी लोकल मशीन या शीर्षकावर क्लिक करून फाइल मेनूतील लोड हाइव्ह (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीचा एक भाग साठवणारी फाइल) निवडावे, विंडोज असलेल्या ड्राइव्हमधील विंडोज, सिस्टम३२, कॉन्फिग या फोल्डरांतून जाऊन सॉफ्टवेअर नावाची विस्ताररहित फाइल उघडावी आणि तिला तात्पुरते कोणतेही नाव द्यावे. या वातावरणात ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीचा सी ड्राइव्ह येथे डी किंवा ई म्हणून दिसू शकतो, म्हणून विंडोज फोल्डर कोठे आहे ते आधी पाहून घ्यावे.

आता दिलेल्या नावाखाली मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, विनलॉगऑन या क्रमाने जावे. उजवीकडे यूजरइनिट या नोंदीचे मूल्य सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरातील सिस्टम३२ मधल्या यूजरइनिट डॉट ईएक्सई या फाइलीचा पूर्ण पत्ता असे असावे आणि त्याच्या शेवटी स्वल्पविराम असावा. तो स्वल्पविराम चुकून पडलेला नाही. या नोंदीत एकाहून अधिक प्रोग्रामांची नावे स्वल्पविरामाने लिहिता येतात आणि मालवेअर त्याच सोयीचा फायदा घेऊन खऱ्या नावापुढे स्वतःचे नाव जोडते किंवा खरे नावच खोडते. स्वल्पविरामानंतर दुसरे नाव दिसल्यास ते काढावे. येथे लिहिताना मात्र सी हेच अक्षर लिहावे, मग दुरुस्तीच्या वातावरणात तो ड्राइव्ह कोणत्याही अक्षराने दिसो, कारण ही नोंद विंडोज सुरू झाल्यावर वाचली जाणार आहे. त्याच ठिकाणी शेल या नोंदीचे मूल्य केवळ एक्सप्लोरर डॉट ईएक्सई एवढेच आहे ना, तेही पाहावे.

इतके करूनही साइन-आउट होत असेल, तर करंटव्हर्जनखालील इमेज फाइल एक्झिक्यूशन ऑप्शन्स हा भाग उघडावा. तो मुळात प्रोग्राम तपासणाऱ्या विकासकांसाठी आहे : एखाद्या प्रोग्रामच्या नावाखाली डीबगर अशी नोंद केली की विंडोज त्या प्रोग्रामऐवजी डीबगर म्हणून लिहिलेली फाइल चालवते. यूजरइनिट किंवा एक्सप्लोरर यांच्या नावाने येथे डीबगर नोंद असेल आणि तीत पुसलेल्या मालवेअरचा पत्ता असेल, तर खरी फाइल जागेवर असूनही ती सुरू होत नाही. केवळ ती डीबगर नोंद काढावी. तो संपूर्ण भाग पुसू नये, कारण त्यात विंडोजच्या स्वतःच्या वैध नोंदीही असतात.

काम झाल्यावर आपण दिलेल्या नावावर क्लिक करून फाइल मेनूतून अनलोड हाइव्ह करावे आणि मगच रीस्टार्ट करावे. सिस्टम३२ मधील यूजरइनिट ही फाइलच नाहीशी झाली असेल, तर नोंदी कितीही अचूक असल्या तरी उपयोग नाही. ती फाइल परत आणण्याचा मार्ग पुढे एसएफसीच्या उत्तरात दिला आहे.

लॉगइन होते, पण काळी स्क्रीन आणि माउसचा बाण एवढेच दिसते.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, नवे काम सुरू करण्याचा पर्याय निवडून एक्सप्लोरर असे टाइप करावे. डेस्कटॉप आला तर शेल या नोंदीत गडबड आहे हे जवळजवळ निश्चित झाले. ही नोंद दोन ठिकाणी असू शकते : वर सांगितलेल्या संगणकव्यापी विनलॉगऑनमध्ये आणि एचकी करंट यूजरखालील त्याच नावाच्या भागात. दुसऱ्या ठिकाणी ती सहसा नसतेच, त्यामुळे तेथे शेल नावाची नोंद दिसली आणि ती आपण किंवा आपल्या संस्थेने केलेली नसेल, तर ती काढून टाकावी. एकाच वापरकर्त्याला काळी स्क्रीन येते आणि इतरांना येत नाही, तेव्हा दोष बहुधा याच जागी सापडतो.

टास्क मॅनेजर व्यवस्थापकाने बंद केला आहे असा संदेश येत असेल आणि संगणक घरचा असेल, तर तो व्यवस्थापक म्हणजे मालवेअरच होते. सेफ मोडमधून किंवा दुसऱ्या अॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून रजिस्ट्रीच्या पॉलिसीज विभागातील डिसेबल टास्क मॅनेजर ही नोंद काढावी लागते.

यूजर प्रोफाइल सर्व्हिसला लॉगइन करता आले नाही, असा संदेश येतो किंवा डेस्कटॉप कोरा दिसतो. माझ्या फाइली गेल्या का?

बहुतेक वेळा नाही. वापरकर्त्याच्या सर्व मांडणीची नोंद त्याच्या फोल्डरातील एनटीयूजर डॉट डॅट या लपवलेल्या फाइलीत असते. सफाई चालू असताना संगणक बंद पडला, किंवा एखाद्या सुरक्षा प्रोग्रामने ती फाइल अडवून धरली, तर विंडोजला ती उघडता येत नाही आणि ते तात्पुरती प्रोफाइल देऊन आपली सोय पाहते. सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरात आपल्या नावाचा फोल्डर उघडून पाहिल्यास कागदपत्रे आणि छायाचित्रे सहसा तेथेच असतात. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये असताना मात्र डेस्कटॉपवर काहीही नवे साठवू नये, कारण साइन-आउट होताच ती प्रोफाइल पुसली जाते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत १५११ या क्रमांकाची नोंद दिसल्यास निदान पक्के समजावे.

आधी एकदा साधे रीस्टार्ट करून पाहावे. फाइल तात्पुरती अडकलेली असेल तर तेवढ्याने सुटते. नाही सुटली, तर अॅडमिनिस्ट्रेटरच्या दुसऱ्या खात्यातून रजिस्ट्रीतील विंडोज एनटी, करंटव्हर्जन, प्रोफाइललिस्ट हा भाग उघडावा आणि काही बदलण्यापूर्वी त्याची प्रत निर्यात करून ठेवावी. एस-१-५-२१ ने सुरू होणारी लांबलचक नावे ही खात्यांचे ओळख क्रमांक आहेत. एकच क्रमांक दोनदा दिसत असेल, एकदा साधा आणि एकदा शेवटी डॉट बॅक असलेला, तर डॉट बॅकवाला खरा आणि साधा हा तात्पुरत्या प्रोफाइलसाठी तयार झालेला असतो. साध्या नावाला दुसरे काही नाव द्यावे, दुसऱ्याच्या नावातून डॉट बॅक काढावे, त्यातील प्रोफाइलइमेजपाथ आपल्याच फोल्डरचा पत्ता दाखवतो याची खात्री करावी, आणि स्टेट व रेफकाउंट या नोंदी असल्यास त्यांचे मूल्य शून्य करून रीस्टार्ट करावे.

एनटीयूजर फाइलच खराब झाली असेल, तर हा उपाय टिकत नाही. तेव्हा नवे खाते तयार करून जुन्या फोल्डरातील कागदपत्रे, चित्रे आणि डाउनलोड तिकडे घ्यावेत. एनटीयूजर या नावाने सुरू होणाऱ्या फाइली आणि अॅपडेटा हा संपूर्ण फोल्डर मात्र आंधळेपणाने सोबत नेऊ नये. पहिल्यात बिघाड आहे, तर दुसऱ्यात मालवेअर लपून बसण्याची शक्यता सर्वांत अधिक.

पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा असल्याचे सांगितले जाते.

प्रथम कीबोर्डची भाषा आणि कॅप्स लॉक पाहावे. हे उत्तर क्षुल्लक वाटते, पण सफाईनंतर भाषेची मूळ मांडणी बदललेली असणे नवलाचे नाही, आणि टाइप केलेली अक्षरे ठिपक्यांमागे लपलेली असल्यामुळे ते लक्षात येत नाही. डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून आपण काय लिहिले ते पाहता येते.

खाते मायक्रोसॉफ्टचे असेल आणि सफाईनंतर त्याचा पासवर्ड आपण मोबाइलवरून बदलला असेल, तर संगणक इंटरनेटशी जोडला जाईपर्यंत जुनाच पासवर्ड चालतो. मालवेअरमुळे संगणकाचे नेटवर्क मोडले असेल तर नवा पासवर्ड तेथपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी जुना पासवर्ड टाकून पाहावा.

दुसऱ्या अॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी विभागात ४६२५ क्रमांकाची नोंद सापडली, तर तिच्यातील सब-स्टेटस हा कोड खरे कारण सांगतो. तो ६ए ने संपत असेल तर पासवर्ड चुकीचा आहे आणि ६४ ने संपत असेल तर त्या नावाचे खातेच नाही. ७२ म्हणजे खाते निष्क्रिय केलेले आहे, २३४ म्हणजे चुकीच्या प्रयत्नांमुळे कुलूपबंद झाले आहे, १५बी म्हणजे खात्याला या पद्धतीने लॉगइन करण्याचा अधिकार उरलेला नाही आणि १३३ म्हणजे संगणकाचे घड्याळ चुकले आहे. लॉगइन स्क्रीनवरील मोघम वाक्यापेक्षा हे कोड कितीतरी अधिक उपयोगी आहेत.

आपण काहीही न करता खाते वारंवार कुलूपबंद होत असेल, तर नेटवर्कवरील दुसऱ्या एखाद्या संगणकात मालवेअर जिवंत असून ते पासवर्डचे अंदाज लावत असण्याचा संशय घ्यावा. २००८ च्या अखेरीस पसरलेल्या कॉनफिकर या वर्मचे, म्हणजे नेटवर्कवरून स्वतःहून पसरणाऱ्या मालवेअरचे, हे ठळक लक्षण होते. एक संगणक कितीही स्वच्छ केला, तरी शेजारचा संगणक खाती बंद पाडत राहत असे.

दुसऱ्या खात्यातून पासवर्ड रीसेट केला तर चालेल का?

चालेल, पण त्याची किंमत आधी माहीत असावी. स्थानिक खात्याचा पासवर्ड स्वतः बदलणे आणि तो बाहेरून रीसेट करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून रीसेट केल्यास विंडोजच्या ईएफएस सोयीने कूटबद्ध केलेल्या फाइली आणि त्या खात्यात साठवलेले पासवर्ड यांचे कुलूप उघडणारी किल्ली जुन्या पासवर्डशी बांधलेली राहते आणि त्या वाचता येत नाहीत. जुना पासवर्ड माहीत असेल आणि अडचण दुसरीच असेल, तर रीसेट करण्याची घाई करू नये.

लॉगइन स्क्रीनवरील सुलभतेच्या बटणामागे कमांड प्रॉम्प्ट बसवण्याची एक युक्तीही सांगितली जाते. ती करू नये, कारण तोच दरवाजा घुसखोर वापरतात. उलट सफाईनंतर तो दरवाजा कोणी आधीच करून ठेवलेला नाही ना, हे तपासावे : लॉगइन स्क्रीनवर शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर स्टिकी कीजच्या चौकटीऐवजी कमांड प्रॉम्प्ट उघडला, तर संगणक अजून स्वच्छ झालेला नाही.

पिन उपलब्ध नाही, असा संदेश येतो.

पिन हा पासवर्डचे छोटे रूप नाही. तो त्या एका संगणकापुरता असतो आणि त्याची किल्ली सहसा टीपीएम या चिपच्या आधाराने राखलेली असते. किल्लीचा संग्रह एनजीसी या फोल्डरात असतो. तो खराब झाला किंवा टीपीएम पुसली गेली की पिन निरुपयोगी होतो, मात्र पासवर्डला धक्का लागत नाही. साइन-इनच्या इतर पर्यायांतून पासवर्डने आत जावे आणि सेटिंग्जमधून जुना पिन काढून नवा तयार करावा.

आता बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली जाते. हा रॅन्समवेअरचा, म्हणजे खंडणी मागणाऱ्या मालवेअरचा, प्रकार आहे का?

बहुधा नाही. सुरू होण्याच्या क्रमात, सिक्युअर बूटमध्ये किंवा टीपीएममध्ये बदल झाल्यास बिटलॉकर सावध होऊन ४८ अंकी की मागतो, आणि दुरुस्तीसाठी यूएसबी वापरताना असे बदल होतात. घरगुती आवृत्तीतही डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेले असू शकते. त्याची की मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर उपकरणांच्या विभागात साठवलेली असते. स्क्रीनवर दिसणारा की आयडी तेथील आयडीशी जुळवून पाहावा. खरा बिटलॉकर पैसे मागत नाही, कोणाशी संपर्क साधायलाही सांगत नाही. तसे काही दिसले तर संगणक बंद करून जाणकाराकडे न्यावा.

कार्यालयातील संगणकावर डोमेनशी असलेला विश्वासाचा संबंध तुटल्याचा संदेश येतो.

डोमेनमधील, म्हणजे संस्थेच्या सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या समूहातील, प्रत्येक संगणकाचाही स्वतःचा पासवर्ड असतो आणि तो नेहमीच्या मांडणीत दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. मालवेअर घालवण्यासाठी सिस्टम रिस्टोअरने संगणक मागच्या तारखेला नेला, तर त्याच्याकडे जुना पासवर्ड येतो आणि सर्व्हरकडे नवा असतो. नेटवर्कची केबल काढून किंवा वायफाय बंद करून लॉगइन केल्यास साठवलेल्या माहितीवर आत जाता येते. पुढची दुरुस्ती व्यवस्थापकाने पॉवरशेलमधील सिक्युअर चॅनेल दुरुस्त करणाऱ्या आदेशाने किंवा संगणक पुन्हा डोमेनला जोडून करायची असते. घड्याळ सर्व्हरपेक्षा ५ मिनिटांहून अधिक मागे-पुढे असेल, तर कर्बेरोस ही डोमेनची लॉगइन पडताळणीही नाकारली जाते. म्हणून आधी वेळ पाहावी. कार्यालयीन संगणकावर याखेरीज स्वतः काही करू नये, कारण मालवेअर आले होते हे संस्थेला कळणे दुरुस्तीइतकेच आवश्यक आहे.

लॉगइन झाल्यावर रनडीएलएलचा संदेश येतो की अमुक मॉड्यूल सापडले नाही.

हा पुसलेल्या मालवेअरचा मागे राहिलेला निरोप आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील ऑटोरन्स हा, आपोआप सुरू होणाऱ्या नोंदी दाखवणारा, प्रोग्राम अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावा. ज्या नोंदींची फाइल अस्तित्वात नाही, त्या पिवळ्या रंगात दिसतात. संदेशातील नाव असलेल्या नोंदीची खूण आधी काढावी आणि एक-दोन रीस्टार्टनंतर सर्व ठीक असेल तरच ती पुसावी. पिवळी दिसणारी प्रत्येक नोंद मालवेअरचीच असते असे नाही.

विंडोजमध्ये लॉगइन होते, पण ईमेल किंवा इतर संकेतस्थळांवर होत नाही.

काही मालवेअर सगळी वाहतूक आपल्यातून नेण्यासाठी संगणकाच्या आतलाच एक प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, लावते. ते गेले तरी प्रॉक्सीची सेटिंग राहते आणि ब्राउझर नसलेल्या दारावर टकटक करत बसतो. सेटिंग्जमधील नेटवर्क विभागात प्रॉक्सी बंद करावा, डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता स्वयंचलित करावा आणि सिस्टम३२ मधील ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरातील होस्ट्स फाइलीत अनोळखी ओळी नाहीत ना ते पाहावे. डीएनएसचेंजर हे मालवेअर डीएनएसचा पत्ता बदलूनच चालत असे. त्याच्या टोळीवर नोव्हेंबर २०११ मध्ये कारवाई झाल्यावर तिचे सर्व्हर काही महिने तात्पुरते चालू ठेवावे लागले, आणि ते ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले तेव्हा ज्यांनी सेटिंग बदलली नव्हती त्यांचे इंटरनेट थांबले. कोणतीच पाने उघडत नसतील, तर अॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटश विनसॉक रीसेट हा आदेश देऊन रीस्टार्ट करावे. संगणकाची तारीख चुकली असेल, तर सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राच्या कारणावरून नाकारली जातात.

एसएफसी आणि डिझम चालवले, तर सर्व बिघाड दुरुस्त होतील का?

नाही. एसएफसी ही सोय विंडोजच्या मूळ फाइली तपासून बिघडलेल्या किंवा हरवलेल्या फाइली परत आणते. मालवेअरने बदललेली शेल किंवा यूजरइनिट यांसारखी रजिस्ट्रीतील नोंद ती दुरुस्त करत नाही. त्यामुळे एसएफसीने सर्व काही ठीक असल्याचे सांगितले आणि तरीही लॉगइन होत नाही, यात विसंगती नाही. लॉगइन होत असेल तर आधी डिझमचा रिस्टोअरहेल्थ पर्याय आणि मग एसएफसीचा स्कॅननाऊ पर्याय चालवावा, कारण एसएफसी ज्या साठ्यातून फाइली घेते तो साठा डिझम दुरुस्त करते. दुरुस्तीच्या वातावरणातून एसएफसी चालवताना ऑफबूटडिर आणि ऑफविनडिर या पर्यायांनी आपल्या विंडोजचा ड्राइव्ह आणि फोल्डर सांगावा लागतो.

रेगबॅक फोल्डरातून जुनी रजिस्ट्री परत आणण्याचा सल्ला आता बहुतेक संगणकांवर निरुपयोगी आहे. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तेथे प्रत घेणे नेहमीच्या मांडणीत बंद झाले असून त्या फाइली शून्य आकाराच्या असतात. त्यांची नक्कल करून खऱ्या रजिस्ट्रीवर टाकल्यास चालू शकणारा संगणकही बंद पडेल. सिस्टम रिस्टोअर वापरता येते, मात्र निवडलेली तारीख मालवेअर येण्यापूर्वीची असावी आणि त्यानंतर पुन्हा पूर्ण तपासणी करावी.

लॉगइन सुरू झाले. आता पासवर्ड बदलावेत का?

बदलावेत, आणि ते मोबाइल किंवा दुसऱ्या निर्दोष संगणकावरून बदलावेत. माहिती चोरणारी अनेक मालवेअर ब्राउझरमधील साठवलेल्या पासवर्डबरोबर सत्राच्या कुकीजही नेतात. ज्याच्याकडे चालू सत्राची कुकी आहे त्याला पासवर्ड किंवा ओटीपी विचारला जाईलच असे नाही, म्हणून पासवर्ड बदलल्यावर सर्व उपकरणांवरून साइन-आउट करण्याचा पर्याय अवश्य वापरावा. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण इतर खात्यांचे पासवर्ड तेथूनच रीसेट होतात, त्यानंतर बँक. ईमेलमध्ये अनोळखी पत्त्यावर पत्रे पुढे पाठवणारा नियम किंवा परका रिकव्हरी क्रमांक जोडलेला नाही ना, हेही पाहावे. संगणकावर डिफेंडरची ऑफलाइन तपासणी एकदा चालवावी. ती विंडोज सुरू होण्यापूर्वी चालत असल्यामुळे लपून राहणाऱ्या मालवेअरला तेव्हा लपणे कठीण जाते.

सगळे सोडून विंडोज नव्याने बसवणे केव्हा योग्य?

एक नोंद दुरुस्त केली आणि संगणक सुरळीत झाला, तर त्याची गरज नाही. परंतु सिस्टम फाइलींना चिकटणारा व्हायरस होता, रूटकिट, म्हणजे विंडोजच्या आत खोलवर लपणारे मालवेअर, सापडले होते, कोणी दूरवरून संगणक चालवत होते, किंवा दुरुस्त केलेली नोंद रीस्टार्टनंतर पुन्हा बिघडते, यांपैकी काहीही असेल तर मी स्वतः दुरुस्तीवर आणखी वेळ घालवणार नाही. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करण्याचा धीर मला होणार नाही आणि तो इतरांनी करावा असेही मी सांगणार नाही. कागदपत्रांची प्रत घ्यावी, त्यात प्रोग्राम आणि स्क्रिप्टच्या फाइली घेऊ नयेत, निर्दोष संगणकावर बनवलेल्या यूएसबीवरून जुनी विभाजने पुसून विंडोज बसवावे, आधी अपडेट पूर्ण करावेत आणि प्रत घेतलेल्या फाइली तपासूनच परत आणाव्यात. हे करण्यापूर्वी बिटलॉकरची की आणि खरेदी केलेल्या प्रोग्रामांचे परवाना क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत.